दहा हजारांच्या आत डॅक घ्यायचाय, आवाज मऊ हवा, कानाला टोचायला नको

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. घरात जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. मागे फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप असे आरसीए सॉकेट, दोन पिनांचा प्लग. ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर. खोली १२ बाय १४, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. गाणी मुख्यतः विंडोज १० च्या लॅपटॉपवरून, अधूनमधून अँड्रॉइड फोनवरून, रात्री टीव्हीवरून. टीव्हीला ऑप्टिकल आउट आहे.

आतापर्यंत लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून सरळ ऑक्सला वायर होती. वरच्या पट्टीतला गाणाऱ्या बाईचा आवाज, सतार, झांजा आल्या की टोचायचं. मित्राकडचा यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) आणून लावला, त्यावर आउटपुट २ व्होल्ट लिहिलंय. बारकावे वाढले, पण टोचणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. शिवाय लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ सुरू होतं.

आता दहा हजारांपर्यंत स्वतःचा घ्यायचाय. कुणी म्हणतं एकेएम कंपनीची चिप मखमली आणि ईएसएसची कोरडी, कुणी म्हणतं आर-टू-आर घे, कुणी ट्यूबवाला दाखवतो. नेमकं काय बघून घ्यावं?

ओहमचा_नियम (जळगाव)

तापीकाठ भाऊ, खरेदी थोडी थांबवा. डॅक बदलल्यावर टोचणं *वाढलं*, ही सगळ्यात कामाची माहिती तुम्ही दिलीत. संशय डॅकच्या चिपवर नाही, व्होल्टवर घ्या.

जुन्या अ‍ॅम्पची ऑक्सची सेन्सिटिव्हिटी साधारण १५० ते ३०० मिलिव्होल्ट असते. म्हणजे एवढ्या सिग्नलवर अ‍ॅम्प पूर्ण ताकद देतो. कॅसेट डेक आणि ट्यूनर यांच्या काळातला हिशोब तो. सीडी प्लेयर आले तेव्हापासून २ व्होल्ट हा रिवाज पडला आणि आजचे टेबलावरचे डॅक तोच पाळतात. २०० मिलिव्होल्टच्या जागी २ व्होल्ट म्हणजे दहापट, २० डीबी (डेसिबल) जास्त. सिग्नल सरळ व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर) जात असेल तर फार बिघडत नाही, नॉब आठ-नऊच्या काट्यावरच घर दणाणतं एवढंच. पण बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पमध्ये पॉटच्या *आधी* एक बफर (सिग्नल पुढे ढकलणारा छोटा टप्पा) किंवा टोनचा टप्पा असतो. तो टप्पा २ व्होल्टला लहरीचा माथा कापतो. व्हॉल्यूम कितीही कमी ठेवा, कापलेला सिग्नल कापलेलाच राहतो. आणि तो ऐकू येतो तो नेमका तुम्ही लिहिलंय तसा: वरच्या पट्टीतला आवाज, झांज, सतारीचा पहिला टणत्कार.

तपासायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर फूबार२००० हा प्लेयर टाका, कारण त्यातली व्हॉल्यूमची पट्टी डीबीत आकडा दाखवते. तीच ओळ आधी ० डीबीवर ऐका, मग पट्टी उणे १२ वर आणा आणि अ‍ॅम्पचा नॉब वाढवून आवाज पूर्वीएवढा करा. टोचणं गेलं तर रोग सापडला. नाही गेलं तर स्पीकर, खोली किंवा खुद्द रेकॉर्डिंग.

हे करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. वायर चुकून फोनोच्या सॉकेटमध्ये तर नाही ना? तिथे १ किलोहर्ट्झला साधारण ४० डीबी गेन (वाढ) असतो आणि बास वेगळा फुगवलेला असतो, डॅकने तिथे नुसता कचरा ऐकू येतो. आणि अ‍ॅम्पवरचं लाउडनेसचं बटण बंद करा. ते हळू आवाजासाठी आहे, बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये बासबरोबर ट्रेबलही वाढवतं, आणि तुमचा नॉब आत्ता अगदी खाली असणार, म्हणजे तिथे त्याचा जोर सगळ्यात जास्त.

केळीबाग (रावेर)

एवढं गणित कशाला भो. एनओएस डॅक घ्या, जुन्या फिलिप्सच्या टीडीए१५४३ चिपवाला. तयार किट मिळतात. गुळगुळीत आवाज, दिवसभर ऐका, कान थकत नाही. आजच्या डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या चिपांना ते जमत नाही.

ओहमचा_नियम (जळगाव)

केळीबाग भाऊ, गुळगुळीत लागतो हे मान्य. का लागतो ते सांगतो, मग पैसे द्यायचे की नाही ते तापीकाठ ठरवतील.

एनओएस म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग नाही. ४४.१ किलोहर्ट्झचा प्रत्येक नमुना पायरीसारखा तसाच धरून ठेवायचा. या धरून ठेवण्यानेच वरचा पट्टा उतरतो: १० किलोहर्ट्झला साधारण पाऊण डीबी, २० किलोहर्ट्झला ३.२ डीबीच्या आसपास. त्या उताराला आपण मऊपणा म्हणतो. सोबत २२ किलोहर्ट्झच्या वर आरशातल्या प्रतिमा तशाच बाहेर पडतात, त्या कानाला ऐकू येत नाहीत पण साधारण अ‍ॅम्पला खुपू शकतात. हा उतार हवाच असेल तर इक्वलायझरमध्ये फुकट मिळतो, आणि नको त्या दिवशी बंदही करता येतो.

आर-टू-आरचं थोडं वेगळं. ती रेझिस्टरची शिडी. १६ बिटसाठी सगळ्यात वरच्या पायरीची अचूकता ६५,५३६ मध्ये एक, म्हणजे ०.००१५ टक्के लागते. बाजारात सुटे मिळणारे चांगले रेझिस्टर ०.१ टक्क्याचे. त्यामुळे या किमतीतली शिडी प्रत्यक्षात १६ बिट खरे देईल अशी आशा धरू नका. महाग आर-टू-आर यंत्रं ही तफावत दुरुस्त करतात, पण ते या बजेटच्या पुष्कळ वरचं काम.

ट्यूबचं म्हणाल तर या किमतीत बहुतेक ६जे१ ही छोटी नळी लो व्होल्टवर चालवलेली असते. कित्येकांत नळीखाली केशरी एलईडी बसवून उजेड पाडलेला असतो. दिसायला छान.

एकेएम की ईएसएस हा वाद मी या बजेटमध्ये घालणार नाही. दोघांच्या चिप नीट बसवल्या तर विकृती उणे १०० डीबीच्या खाली असते, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पट्टा जवळपास सरळ रेषेत असतो. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा अनेक कंपन्यांनी तेच मॉडेल दुसऱ्या चिपवर नेलं. चिपेपेक्षा आउटपुटचा टप्पा आणि पॉवर सप्लाय कसा बांधलाय ते महत्त्वाचं.

अर्थिंगवाला (धुळे)

घूंऽऽ बद्दल लिहितो, बाकी तज्ज्ञ आहेतच.

चार्जर काढल्यावर घूं थांबते ना? मग डॅक बदलून ती जाणार नाही, कारण यूएसबीच्या वायरीतून ग्राउंड तसंच पुढे जाणार. चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याच्या आत वाय-कपॅसिटर असतो, त्यातून थोडा करंट आउटपुटच्या ग्राउंडवर गळतो. लॅपटॉपच्या धातूला हात फिरवला की जी झिणझिण लागते ती हीच. तीन पिनांचा असेल आणि अ‍ॅम्पला अर्थ दुसऱ्या वाटेने मिळत असेल (सेट टॉप बॉक्सच्या केबलने हमखास मिळतो) तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांच्या अर्थमधून फिरणारा करंट.

असं शोधा. अ‍ॅम्प चालू, सगळ्या वायरी काढलेल्या: घूं आहे का? असेल तर अ‍ॅम्पचेच फिल्टर कपॅसिटर थकलेत, मेकॅनिककडे न्या. नसेल तर एकेक वायर जोडत जा, ज्या वायरीने घूं येते तो गुन्हेगार. टीव्ही जोडल्यावरच येत असेल तर टीव्हीच्या मागची केबल काढून बघा.

उपाय: आधी लॅपटॉप, डॅक, अ‍ॅम्प सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने नाही गेली तर डॅक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ६००:६०० ओहमच्या ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लावा, तो सिग्नल जाऊ देतो आणि ग्राउंड तोडतो. स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये बास पातळ होतो, गाभा लहान असतो म्हणून, हे धरून चाला. तिसरी वाट ऑप्टिकल. काचेतून किंवा प्लास्टिकमधून उजेड जातो, ग्राउंड जात नाही. टीव्हीसाठी तर तीच घ्या.

अर्थची पिन कापणे हा उपाय नाही. गुगलवर दिसेल, करू नका.

आणि एक, आपल्याकडचं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. २-३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा दाखवत असेल तर खड्ड्यात पाणी सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तरी उतरला नाही तर वायरमनला बोलवा, तो प्रश्न गाण्याचा राहिला नाही, जिवाचा आहे.

कूलर सुरू-बंद करताना स्पीकरमध्ये ‘टप्प’ येत असेल तर कूलर दुसऱ्या बोर्डवर घ्या. तरी आला तर कूलरच्या स्विचवर ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट, एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहम, अर्धा वॉट. कपॅसिटर एक्स-२ च पाहिजे, फॅनचा किंवा दुसरा कुठलाही चालणार नाही. इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

तापीकाठ (भुसावळ)

ओहम भाऊ, पट्टी उणे १२ वर आणून पाहिली. झांजेचं टोचणं जवळपास गेलं. वरच्या पट्टीतला बाईचा आवाज अजून थोडा टोकदार आहे, पण सुसह्य. लाउडनेस चालूच होतं, बंद केलं.

घूं फक्त चार्जरची. चार्जर दोन पिनांचा आहे. एका बोर्डवर घेतल्यावर अर्धी झाली, गेली नाही. न्यूट्रल-अर्थ ४ व्होल्ट दाखवतोय.

मग आता २ व्होल्टवाला डॅक घ्यायचाच नाही का? आणि टीव्हीचं कसं करू? त्याच्या ऑप्टिकलवर तर रिमोटचा आवाज कमी-जास्तच होत नाही म्हणतात.

अर्थिंगवाला (धुळे)

४ म्हणजे काठावर आहे, पाणी सोडून पुन्हा बघा. दोन पिनांच्या चार्जरला त्याने फरक पडणार नाही, घराच्या सुरक्षिततेला पडेल. घूं साठी आयसोलेटर, नाहीतर गाणी ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर.

ओहमचा_नियम (जळगाव)

छान, रोग सापडला. आता खरेदीचं बोलू.

२ व्होल्टवाला घ्या, त्यात वाईट काही नाही, फक्त मध्ये सिग्नल उतरवायचा. वाट कोणती ते तुम्ही कशावर जास्त ऐकता त्यावर ठरेल.

*फक्त लॅपटॉप आणि फोन* असता तर मी म्हटलं असतं: अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते साडेतीन मिमीचा छोटा डोंगल घ्या आणि उरलेल्या पैशात सतरंजी घ्या. अमेरिकेतल्या प्रतीचं आउटपुट १ व्होल्टच्या आसपास, युरोपातल्या प्रतीचं त्याच्या निम्मं, आणि तुमच्या अ‍ॅम्पला दोन्ही पुरून उरतं. मोजमापात तो पाचपट किमतीच्या डब्यांना लाजवतो. एक खोट आहे. कित्येक अँड्रॉइड फोनवर त्याचा आतला व्हॉल्यूम खालीच अडकतो आणि आवाज बारीक येतो. लॅपटॉपवर ही अडचण नाही. फोनवर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखं अ‍ॅप हा व्हॉल्यूम स्वतः हाताळतं.

*टीव्हीही हवा* म्हणजे ऑप्टिकल इनपुट पाहिजे. यात माझी पसंती टॉपिंग ई३० किंवा त्याच घराण्यातला नंतरचा ई३० २. यूएसबी, ऑप्टिकल, कोअ‍ॅक्स तिन्ही इनपुट, आणि मुख्य म्हणजे रिमोट आणि डीबीत दिसणारा व्हॉल्यूम. प्रीअ‍ॅम्प मोडमध्ये टाका (म्हणजे व्हॉल्यूम डॅकवरूनच बदलतो), ० डीबीच्या ऐवजी उणे १२ पासून सुरुवात करा, अ‍ॅम्पचा नॉब एकदा बारा वाजताच्या जागी लावून विसरा. टीव्हीच्या रिमोटचा प्रश्न तिथेच मिटतो. नवा बजेटच्या बाहेर जात असेल तर वापरलेला बघा, यात झिजणारं फार काही नाही.

एसएमएसएल एसयू-१ स्वस्त पडतो. तिन्ही इनपुट आहेत, आवाजात फरक सांगता येणार नाही, पण व्हॉल्यूम नाही. टॉपिंग डी१०एस ला फक्त यूएसबी इनपुट, तुम्हाला टीव्हीमुळे उपयोग नाही. बेहरिंगर यूसीए२०२ अजून स्वस्त, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ, गाणी ऐकायला तेवढं पुरतं, पण त्यातलं ऑप्टिकल *आउट* आहे, इन नाही. लोक इथे फसतात.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा ऑनलाइन दिसणारे पाचशे-सातशेचे ‘ऑप्टिकल टू आरसीए’ डबे नुसत्या टीव्हीसाठी चालतात. मात्र ते पीसीएमच (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) समजतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’ असेल तर आवाजच येत नाही किंवा खरखर येते, आणि माणूस डबा परत करतो. पीसीएम करा, वाजेल. हे ई३० लाही लागू. तेही डॉल्बी उलगडत नाही.

बाहेरून स्वतः मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि परत पाठवायचा खर्च धरा. भारतातल्या विक्रेत्याकडून हजार रुपये जास्त गेले तरी वॉरंटीसाठी परवडतात.

विंडोजमध्ये डॅक लावल्यावर: साउंडमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीज उघडा, एन्हान्समेंट सगळी बंद, फॉरमॅट २४ बिट ४४१०० हर्ट्झ. ड्रायव्हर बहुधा लागणार नाही, विंडोज १० ला १७०३ या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ कळतो. ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी वगैरे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात. तिकडे लक्ष देऊ नका. १६ बिटची मजल ९८ डीबी आहे, आणि मे महिन्यात खोलीत कूलर सुरू असताना त्यातली निम्मी तरी ऐकू आली तर सांगा.

उरलेला टोकदारपणा: इक्वलायझर एपीओ हे विंडोजचं सॉफ्टवेअर टाका, आणि ‘सगळी एन्हान्समेंट बंद’ अशी खूण केली असेल तर ती काढा, नाहीतर ते चालत नाही. प्रीअ‍ॅम्प उणे ३ डीबी, एक हाय शेल्फ फिल्टर (वरचा सगळा पट्टा एकसारखा हलवणारा) ४००० हर्ट्झला, गेन उणे २.५ डीबी. दोन दिवस तसाच ठेवा, मग अर्धा-अर्धा डीबी हलवा. विंडोजच्या मिक्सरला वळसा घालणाऱ्या वासापी एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये आणि एएसआयओत हा लागूच होत नाही, फूबारमध्ये तो मोड निवडला असेल तर फिल्टर हलवूनही काही बदलणार नाही. त्याआधी स्पीकर जरा वळवा. ट्वीटरचं तोंड कानावर रोखलेलं असेल तर १५-२० अंश बाहेर फिरवा, आणि स्पीकर ते तुमची खुर्ची यांच्या मध्ये फरशीवर जाड सतरंजी टाका. शहाबादी आणि स्लॅब यांच्यामध्ये ट्रेबल नुसता उड्या मारतो.

जंक्शन_४० (चाळीसगाव)

हात चालत असेल तर पीसीएम५१०२ए चा जांभळा मॉड्यूल आणि घरातला जुना, ४० पिनांचा रास्पबेरी पाय (छोटा एकबोर्डी संगणक), दोन-तीनशे रुपयांत २.१ व्होल्टचा स्वच्छ डॅक. वायरी: ५ व्होल्ट पिन २, ग्राउंड पिन ६, बीसीके पिन १२, एलआरसीके पिन ३५, डीआयएन पिन ४०. पायवरच्या प्लेयरच्या सेटिंगमध्ये हायफायबेरी डॅकचा पर्याय निवडायचा. मॉड्यूलवर एससीके लिहिलेले दोन ठिपके डागाने जोडून ग्राउंड करा, नाहीतर आवाज येत नाही किंवा फुसफुस येते. मागच्या चार जंपरांत १, २, ४ एल कडे आणि ३ एच कडे. तिसरा म्यूटचा आहे, तो मोकळा राहिला की सगळं बरोबर असून शांतता. टीव्हीचा ऑप्टिकल याला लागत नाही, तेवढं सोडून द्या.

केळीबाग (रावेर)

ओहम भाऊ, पटलं अर्धं. पण दोन डॅक शेजारी ठेवून ऐकले की फरक ऐकू येतोच ना?

ओहमचा_नियम (जळगाव)

येतो, कारण एक जास्त जोरात वाजत असतो. १ व्होल्ट आणि २ व्होल्टमध्ये ६ डीबी आहेत. जोरात तो ‘उघडा’ वाटतो, हळू तो ‘मऊ’. तुलना करायची तर दोन्हीवर ४०० हर्ट्झचा सूर वाजवा (साधा मल्टिमीटर त्याच्या वर नीट मोजत नाही), आउटपुट एसी व्होल्टवर मोजा आणि १ टक्क्याच्या आत आणा, म्हणजे ०.१ डीबी. मग दुसऱ्या कुणाला तरी वायर बदलायला सांगा, तुम्हाला न दाखवता.

तापीकाठ (भुसावळ)

वापरलेला ई३० बघतोय, पण एसयू-१ पटकन मिळाला तर? व्हॉल्यूम नाही म्हणजे पुन्हा तेच टोचणं ना? आणि मधल्या काळात फोन लावायला साडेतीन मिमी ते आरसीएची एक वायर घेतली, त्यात गाणाऱ्याचा आवाजच गायब, मागची वाद्यं तेवढी ऐकू येतात.

ओहमचा_नियम (जळगाव)

वायरीचं आधी. तिचं ग्राउंड तुटलंय किंवा पिन पूर्ण आत बसत नाही. ग्राउंड नसलं की डावं वजा उजवं एवढंच उरतं, आणि गाणारा मधोमध असल्यामुळे तोच कापला जातो. फोनचं जाड कव्हर काढून पिन पूर्ण आत दाबा. तरी तसंच असेल तर वायर बदला, डॅकचा संबंध नाही.

एसयू-१ मिळाला तर चार रेझिस्टर लागतील, पाच-दहा रुपयांचं काम. प्रत्येक चॅनेलला ४.७ किलोओहम सिरीजमध्ये आणि त्यानंतर २.२ किलोओहम सिग्नल ते ग्राउंड. मेटल फिल्म, १ टक्का, पाव वॉट. यातून १० डीबी उतरतात, २ व्होल्टचे साधारण ०.६ होतात. हे रेझिस्टर अ‍ॅम्पकडच्या आरसीए प्लगच्या आत बसवा, डॅककडच्या नाही: लांब वायरीत बलवान सिग्नल जाऊ दे, उतरवायचा तो शेवटी. ४.७ चा एक पाय मधल्या पिनेला, दुसऱ्या पायाला वायरीचा आतला तार. २.२ मधल्या पिनेपासून बाहेरच्या पत्र्याला. २.२ चुकून वायरीच्या बाजूला लागला तर उतार मिळणारच नाही. सोल्डर करायच्या आधी प्लगचं झाकण वायरीत ओवून घ्या, आणि ४.७ वर हीट श्रिंक चढवा, नाहीतर झाकण आवळताना त्याचा पाय पत्र्याला टेकतो आणि तो चॅनेल बंद पडतो. जोडून झाल्यावर, अ‍ॅम्पला लावण्याआधी, प्लगच्या मधल्या पिनेपासून पत्र्यापर्यंत मीटर लावा. वायरीचं दुसरं टोक मोकळं ठेवून २.२ के दिसला पाहिजे. दुसऱ्या टोकाच्या पिनेपासून तिथल्या पत्र्यापर्यंत ६.९ के.

तापीकाठ (भुसावळ)

एका प्लगला २.२ आणि ६.९, दुसऱ्याला दोन्हीकडे २.२ दाखवतोय.

ओहमचा_नियम (जळगाव)

दुसऱ्यात ४.७ शॉर्ट आहे, म्हणजे वायरीचा आतला तार त्याला वळसा घालून सरळ मधल्या पिनेला टेकतोय. उलगडा आणि पहिल्यासारखा करा.

अर्थिंगवाला (धुळे)

आणि करताना अ‍ॅम्पचा प्लग बोर्डातून काढलेला असू द्या. जुन्या अ‍ॅम्पला चालू असताना आरसीए ओढला की स्पीकरचा ट्वीटर जायला एक खडाका पुरतो.